साळवी स्टॉपपर्यंत

गाडीत जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात. द्वारका गुरवच्या मते तो शुद्ध बावळटपणा होता.

"रुमाल काय गो, वाऱ्यानं पण उडतो. वही टाकलंस तर कोण तरी वाचत बसेल. डबा टाकलंस तर उघडून बघतील मेले, भाजी काय हाय ती. चप्पल टाक. चपलेला कोण हात लावतो?"

खरंच कोणी लावायचं नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी रत्नागिरी स्टँडवरून संध्याकाळच्या पाच-चाळीसच्या लांजा गाडीनं घरी गेले. त्या दोन वर्षांत द्वारकेची डावी चप्पल कोणी उचलून बाजूला ठेवलेली मी पाहिली नाही. पांढरे कपडे घातलेले पुढारीसुद्धा तिच्याकडं बघायचे, नाक मुरडायचे आणि पुढच्या सीटकडं सरकायचे.

गाडी फलाटाला लागायच्या आधीच, अजून वळत असतानाच, द्वारका एका पायात चप्पल नि दुसरी हातात अशी तिच्या कडेनं धावत असायची. मागची खिडकी समोर आली की आधी चप्पल आत. तिच्या पाठोपाठ कंपासपेटी, मग छत्री. म्हणजे ऋतुजा, नाझनीन आणि मी, आम्हा तिघींच्या तीन जागा झाल्या. मग ती स्वतः दाराच्या गर्दीत घुसायची. कशी घुसायची देव जाणे. आम्ही तिघी निवांत शेंगदाणे खात सगळ्यांच्या शेवटी चढायचो, तेव्हा ती मागच्या लांब बाकावर बसून कोणाशी तरी भांडत असायची. भांडणात तिचं वाक्य एकच असे. "माणसं येतायत."

"कुठं आहेत माणसं?"

"येतायत म्हटलं ना काका. पाय हायत त्यांना, पंख नायत."

पण ह्या बाईचा एक नेम होता. जागा धरायची ती साळवी स्टॉपपर्यंत. स्टँडवर माणूस चुकला तर मारुती मंदिरला चढेल, तिथं चुकला तर साळवी स्टॉपला चढेल. तिथंही नाही आला, तर मात्र चप्पल उचलायची आणि जो कोणी उभा असेल त्याला हाताला धरून बसवायचं. तिथून पुढं शहर मागं पडतं आणि गाडी हातखंब्याच्या रस्त्याला लागते. "त्याच्या पुढं धरून ठेवलं तर तो हावरटपणा," असं ती म्हणायची. हा नेम नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

माझी नि तिची ओळखही त्या बाकावरच झाली. मी पालीची. दहावीपर्यंत गावातल्या शाळेत होते, तिथं वर्गात बावीस मुलं. अकरावीला रत्नागिरीत आले तर एका तुकडीत एकशेवीस. पहिला आठवडाभर मी कोणाशी एक अक्षर बोलले नव्हते. मधल्या सुट्टीत डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागं उभी राहायचे आणि खाऊन झाला असा चेहरा करून परत यायचे. त्या वयात घरात कोणी चार शब्द बोललं तर ते सकाळी बोललेलं दुपारी विसरतं, पण डबा खाताना कोणी सरकून जागा दिली नाही तर जीव नकोसा होतो. तर त्या शनिवारी मी गाडीत दांडा धरून लोंबकळत होते. साळवी स्टॉप गेला आणि मागून आरोळी आली.

"ए पाण्याच्या टाकी! ये, बस गो बाये. तुझ्यासाठीच धरलीय."

माझ्यासाठी कुठली धरतेय? तिला माझं नावही ठाऊक नव्हतं. शेजारी तेव्हा ऋतुजा आणि नाझनीन बसलेल्या, त्याही तशाच, एकेक करून गोळा केलेल्या. चौथ्या जागेवर चप्पल होती. मी बसले, तिनं मला कैरीची मीठ लावलेली फोड दिली आणि विचारलं, "डबा रोज एकटंच का खातंस? भाजी चांगली असते काय?" झाली मैत्री. कोणाच्या ग्रुपची स्थापना कॉलेजच्या कट्ट्यावर होते, कोणाची क्लासमध्ये. आमची लांजा गाडीच्या मागच्या बाकावर झाली आणि संस्थापकाच्या एका पायात चप्पल नव्हती.

द्वारका नाव तिच्या आजोळच्या कोणा थोरल्या बाईचं होतं. तुकडीत सात सायली आणि पाच प्राजक्ता होत्या, त्यात हिची हजेरी आली की पोरं "बेट द्वारका हजर आहे का" म्हणून हसायची. ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायची. तिचं हसू आधी नाकातून सुरू व्हायचं, मग खांदे हलायचे, आणि आवाज सगळ्यात शेवटी बाहेर पडायचा, तेव्हा समोरचा दचकायचा. जागा धरणं हा तिच्या अंगातला रोगच होता. प्रयोगशाळेत चांगला तराजू धरून ठेवायची, नळावर ओळ धरायची, नाझनीनच्या चुलत बहिणीच्या लग्नात चौघींसाठी चार खुर्च्या धरून दुसऱ्या पंगतीच्या बायकांची बोलणी खाल्ली. कहर म्हणजे अकरावीच्या परीक्षेला हॉलमध्ये लवकर जाऊन तिनं माझ्यासाठी शेजारचा बाक धरला. बाकांवर नंबर चिकटवलेले होते. तरी हिनं त्यावर पट्टी ठेवलेली, आणि ज्या बिचाऱ्याचा तो नंबर होता त्याला सांगतेय, "माणूस येतोय."

ह्या चप्पल टाकण्याला एकदाच अपवाद झाला आणि तो आमच्या केमिस्ट्रीच्या देवस्थळी सरांच्या अंगावर आला. अगदी अक्षरशः. सर खेडशीला राहायचे, आमच्याच गाडीनं जायचे. माणूस सज्जन, अंड्याचं नाव काढलं तरी पाणी पिणारा. त्या दिवशी द्वारकेच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि आईनं सांगितलं म्हणून ती दुपारी मिरकरवाडा बंदरावर जाऊन सुकट घेऊन आली होती. चप्पल टाकण्यासारखी नाही, गाडी तर आली. हिनं सुकटीची पिशवीच फेकली. पिशवी खिडकीच्या आडव्या दांडीला लागून फाटली. आत देवस्थळी सर बसलेले, मांडीवर आमच्या तुकडीच्या तीस जर्नल्सचा गठ्ठा.

आम्ही चढलो तेव्हा सर डोळे मिटून बसले होते. कपाळावर, चष्म्यावर, खिशातल्या पेनाच्या टोपणावर सुकट. द्वारका समोर उभी.

"गुरव," सर डोळे न उघडता म्हणाले, "हे काय आहे?"

"जागा, सर."

सर उठले आणि पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभे राहिले. खेडशीपर्यंत उभेच गेले. आमची जर्नल्स चार दिवसांनी परत आली, ती उघडली की पोटात भूक लागायची. प्रयोगशाळेच्या दाराशी एक मांजरी महिनाभर मुक्कामाला होती. माझ्या जर्नलवर सरांनी 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला, तो प्रयोग चुकला म्हणून की वास आला म्हणून, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सर मात्र मोठ्या मनाचे. त्यानंतर खिडकीतून काहीही आत आलं की ते मुकाट्यानं सरकून बसायचे.

पण तिची खरी कीर्ती झाली ती पूर्णगड प्रकरणानं. गाडी ओळखायची तिची रीत वेगळी होती. ती पाटी वाचायची नाही. "पाट्या काय, बदलतात. ड्रायव्हर बघायचा." आमच्या गाडीला बहुतेक मोरे मामा असायचे, जाडजूड, कानाला कायम तांबडा मफलर. एके दिवशी मामांची पाळी पूर्णगडच्या गाडीवर लागली. द्वारकेनं तांबडा मफलर पाहिला आणि चप्पल, कंपास, छत्री आत गेली, मागोमाग ती गेली. आम्ही तिघी फलाटावर ओरडतोय, "अगो पाटी बघ! पाटी!" ती आतून हात हलवतेय, "हो हो, तिघींच्या पण हायत! चला लवकर!" गाडी सुटली. शेवटी दिसलं ते म्हणजे ती खिडकीतून डोकं काढून आमच्यावरच चिडलेली.

दुसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून कळलं ते असं. गाडी भरलेली, पाच-सहा बाया उभ्या, त्या हिला शिव्या घालतायत. कंडक्टर म्हणतोय, "कुठं आहेत तुझी माणसं?" ही म्हणतेय, "येतायत."

"चालत्या गाडीत?"

"पुढच्या स्टॉपला चढतील."

"मग भाट्याचा पूल लागला," द्वारका डोळे मोठे करून सांगत होती. "उजव्या हाताला बघते तर समुद्र! मी म्हटलं, आयशप्पत, लांज्याच्या वाटेवर समुद्र कुठनं आला?"

नाझनीनला हसून उचकी लागली होती. तिनं विचारलं, "मग समुद्र दिसल्यावर तरी उठलीस ना? बायांना बसायला दिलंस ना?"

"कशी उठू?" द्वारका खरोखर चकित झाली. "साळवी स्टॉप आलाच नाय."

पूल ओलांडल्यावर ती उतरली आणि चप्पल-कंपास-छत्री घेऊन परत स्टँडपर्यंत चालत आली. तोवर आम्ही आमच्या गाडीनं निघून गेलो होतो. उभ्यानं.

आता ऋतुजाबद्दल. ऋतुजाच्या वडलांचा लांज्याला काजूचा कारखाना, घरी गाडी, आणि ती दिसायला चांगली. म्हणजे पुढारीपण तिच्याकडंच. बुधवारी सगळ्यांनी निळं रबरबँड लावायचं, क तुकडीतल्या मुलींशी बोलायचं नाही, कोणाला कोण आवडतं हे आधी ऋतुजाला सांगायचं, असे तिचे कायदे होते आणि आम्ही ते पाळायचो. द्वारका बुधवारी काळं रबरबँड लावून यायची आणि क तुकडीतल्या मुलींसाठीसुद्धा नळावर ओळ धरायची. ऋतुजा कपाळाला हात लावायची, पण चालवून घ्यायची. कारण जागा.

बारावीला ऋतुजानं एंट्रन्सचा क्लास लावला. तिथं शहरातली मुलं, त्यांच्याकडं स्कूट्या, आणि त्यात एक वरद. हा वरद म्हणजे केस कपाळावर सोडून सारखे मागं सारणारा. पण आम्ही सगळ्याजणी तो दिसला की एकमेकींना चिमटे काढायचो, खोटं कशाला बोलू? एक दिवस त्यानं ऋतुजाला स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. ऋतुजा उतरली, ओढणी सारखी केली, मान वाकडी करून 'बाय' म्हणणार, एवढ्यात लांजा गाडीच्या मागच्या खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक आली.

"गो ऋतुजाऽऽ! जागा धरलीय! तुला खिडकीच ठेवलीय गो, ओकारी होते ना तुला!"

वरद हसला. बस, तेवढंच. पण ऋतुजा पूर्ण वाटभर एक शब्द बोलली नाही. द्वारका तिला आवळ्याची सुपारी देत होती आणि विचारत होती, "मळमळतंय काय गो आत्तापासूनच?"

त्या रात्री माझ्या फोनवर नवा ग्रुप उघडला. नाव, 'थ्री स्टार्स'. ऋतुजा, नाझनीन आणि मी. द्वारकेकडं बटणांचा फोन होता, तिला ह्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ऋतुजानं लिहिलं होतं की आता हे बास झालं, ती आपली लाज काढते, आपण उद्यापासून क्लासच्या मुलांबरोबर राहू आणि संध्याकाळी साळवी स्टॉपवरून पाचची गाडी पकडू, म्हणजे ती भेटायलाच नको. हळूहळू तिला कळेल. नाझनीननं काहीच लिहिलं नाही. मी अंगठा टाकला.

मला काय वाटत होतं तेव्हा, हे मला आजही नीट आठवतं. द्वारकेचा राग नव्हता. मला परत पाण्याच्या टाकीमागं जायची भीती होती. ऋतुजानं आज हिला काढलं, उद्या मला काढेल, एवढंच डोक्यात होतं. पण भीती वाटली म्हणून अंगठा काही छोटा होत नाही.

दुसरा दिवस वरदच्या वाढदिवसाचा निघाला. साळवी स्टॉपच्या अलीकडं एक बेकरी होती, तिथं क्लासची दहा-बारा मुलं आणि आम्ही तिघी. ठरलं होतं केक कापायचा, घास खायचा आणि पाचची गाडी धरायची. पण केकचा फोटो, मग केकबरोबर वरदचा फोटो, मग वरदच्या तोंडाला केक फासलेला फोटो, त्यात ऋतुजाचे डोळे मिटले म्हणून परत. आम्ही स्टॉपवर पोचलो तेव्हा पाचची गाडी गेलेली. पुढची म्हणजे पाच-चाळीसची, सहाच्या सुमाराला इथं येणारी. आणि ती सोडली तर घरी अंधारात पोचणार आणि तिघींच्याही घरी आरती होणार.

"मागच्या दारानं चढून पुढंच उभं राहायचं," ऋतुजा म्हणाली. गाडीला दार एकच असतं, हे तिला घाईत सुचलं नसावं.

गाडी आली ती एका बाजूला कललेली. चाळीसेक माणसं उभी. आम्ही चेंगरत आत शिरलो, आणि उंच दांड्याला हात पोचतोय न पोचतोय तोच मागून आवाज आला.

"आलात? ह्या इकडं. काका, वायच सरका, माणसं आली माझी."

मागच्या बाकावर चप्पल होती, कंपासपेटी होती, छत्री होती. तीन जागा, मोकळ्या. त्यांच्यापुढं उभी असलेली माणसं द्वारकेकडं खाऊ की गिळू अशी बघत होती. एक बाई म्हणाली, "स्टँडपासून आम्हाला सांगतेय माणसं येतायत, माणसं येतायत. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या."

आम्ही गेलो आणि बसलो. दुसरं काय करणार? गाडी सुटली. ऋतुजाच्या कानामागं केकचं पांढरं क्रीम लागलेलं होतं. द्वारकेनं ते बोटानं पुसलं, हुंगलं आणि म्हणाली, "पायनॅपल."

मग ऋतुजानंच तोंड उघडलं. "तुला... आम्ही इथं चढणार हे कसं कळलं?"

"नाझनीननं सांगितलं दुपारी. सगळं सांगितलं. तुमचा तो स्टार्स पण."

ऋतुजानं नाझनीनकडं पाहिलं. नाझनीन ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "पोटात राहिना माझ्या. मी हिला म्हटलं होतं, आज जागा धरू नको, आम्ही पाचच्या गाडीनं जाणार."

"मग धरलीस कशाला?" ऋतुजा जवळजवळ ओरडली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"तू फोटो काढल्याशिवाय केक कापणार हायस काय?" द्वारका म्हणाली. "म्हटलं चुकणार ह्यांची पाचची." मग आवाज बदलला. "पण मी चिडलेय हां. लय चिडलेय. मारुती मंदिरला त्या काकांना देऊन टाकणार होते जागा. चप्पल उचललेली पण. मग म्हटलं, साळवी स्टॉप अजून आला नाय."

ऋतुजा हुंदके देऊन रडायला लागली, आणि रडता रडता तिचा चेहरा हिरवा पडला. द्वारकेनं ते आमच्या आधी ओळखलं. तिला ओढून खिडकीशी बसवलं, पाठीवर हात फिरवत राहिली आणि वरदचा वाढदिवस हातखंब्याच्या अलीकडं सगळा रस्त्यावर गेला.

"झालं?" द्वारका म्हणाली. "घे, सुपारी खा."

पाली जवळ यायला लागली तशी मी दप्तर उचललं. तेव्हा ती माझ्याकडं वळली. हळू आवाजात, पहिल्यांदाच हळू आवाजात तिनं विचारलं, "नाझनीननं सांगितलं. तू का नाय गो सांगितलंस, मेघे?"

मी म्हटलं, "विसरले."

तिनं पाय आवरून मला उतरायला वाट दिली. मग म्हणाली, "बरं."

मी उतरले. मला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलंय, सासूबाईंनी तर विचारूच नका. पण त्या 'बरं'एवढं मला दुसरं काही लागलेलं नाही.

सोडलं तिनं आम्हाला असं मात्र समजू नका. शिक्षा झाली. एक आठवडा जागा आम्ही धरायची, ती शेंगदाणे खाणार. सोमवारी ऋतुजानं नवी ओढणी टाकली, ती कोणी तरी घडी करून तिच्याच हातात परत दिली. मंगळवारी नाझनीननं आपलं दप्तर टाकलं आणि ते एका कोळणीच्या टोपलीत पडलं. बुधवारी मी चप्पल टाकली. नेम इतक्या जोरात साधला की चप्पल ह्या खिडकीतून आत गेली आणि समोरच्या खिडकीतून बाहेर, पलीकडं उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या टपावर. ती गाडी गेली देवरुखला. मी एका पायानं घरी गेले, आणि आईला काय सांगितलं ते विचारू नका. शुक्रवारपर्यंत आम्ही चौघी उभ्यानं गेलो. द्वारकाही आमच्याबरोबर उभी. बसायला मिळत असून बसली नाही, दांड्याला लटकून नाकातून हसत होती. "मनगटातून टाकायची गो. खांद्यातून नाय." शनिवारी देवस्थळी सरांनाच आमची दया आली. त्यांनी आपल्या सीटवर जर्नल्सचा गठ्ठा पसरून आमच्यासाठी दोन जागा धरल्या.

'थ्री स्टार्स' ग्रुप ऋतुजानं पुसून टाकला. वरद पुढं पुण्याला गेला आणि केस मागं सारत राहिला असेल. बारावी झाली, आम्हीही पांगलो. ऋतुजा आता नाशिकला असते, नाझनीन लग्न होऊन कुवेतला. द्वारकेनं नर्सिंग केलं, लांज्याकडं नोकरी धरली. मी रत्नागिरीतच अकरावी-बारावीला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींचे ग्रुप होतात, मोडतात, आणि मधल्या सुट्टीत मी उगाचच पाण्याच्या टाकीमागं एक चक्कर मारून येते.

द्वारकेचा नंबर माझ्याकडं आहे. ती आता व्हॉट्सॲपवर आहे, रोज सकाळी जास्वंदीचं फूल आणि सुप्रभात पाठवते. मी अंगठा पाठवते. कितीदा लिहायला घेतलं की अगो, मी तेव्हा विसरले नव्हते, मी भ्याले होते. लिहिते आणि पुसते. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, तिला आठवत पण नसेल, असं स्वतःला सांगते. तिला आठवत नसेल! जिला चपलेच्या मागून टाकलेली छत्री कुठल्या दिवशी कुठल्या रंगाची होती ते आठवतं!

गेल्या मार्चात संध्याकाळी मी साळवी स्टॉपला भाजी घ्यायला थांबले होते. स्कूटीच्या पुढं दोन पिशव्या, डोक्यावर हेल्मेट. लांजा गाडी येऊन थांबली. तुडुंब भरलेली.

"मेघेऽऽ! ए मेघे!"

मागची खिडकी. तीच. अंगानं थोडी भरलीय, चष्मा लागलाय. हेल्मेट घातलेल्या मला तिनं कुठून ओळखलं कोण जाणे.

"ये गो! बस! जागा हाय!" तिनं शेजारच्या सीटवरून चप्पल उचलून खिडकीत धरली आणि मला दाखवून परत सीटवर टाकली. मला वाटतं शेजारचं कोणी तरी उतरायला उठलं, गाडी वळणावर आली, तेव्हाच तिनं मला पाहिलं असणार आणि तेव्हाच ती चप्पल पायातून काढली असणार. दोन मिनिटांच्या जागेसाठी ती कोणाशी तरी भांडलेलीही दिसत होती, कारण बाजूचा माणूस रागानं माझ्याकडं बघत होता.

मी हातानं खूण केली, ही बघ, माझी स्कूटी आहे, मला कुठं जायचंय. ती मान डोलावून हसली. नाकातून सुरू झालं, खांदे हलले. आणि मला एकदम वाटलं, मेघना, ह्याच्यासारखी वेळ परत यायची नाही. जा. पालीपर्यंत तरी जा. सांगून टाक. मी स्कूटी कडेला लावली, हेल्मेट काढायला गेले तर त्याचा पट्टा अडकला. दोन्ही हातांनी ओढतेय तरी सुटेना. तशीच, हेल्मेटसकट, दाराकडं धावले. कंडक्टरनं घंटी दिली, टण् टण्.

गाडी माझ्यापुढून गेली. मी ओरडले, "द्वारके! मी विसरले नव्हते गो!" हेल्मेटच्या काचेआड ते मलाच मोठ्यानं ऐकू आलं. तिला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. तिनं कानामागं हात धरला, मग हात हलवला. मग खाली वाकली, सीटवरची चप्पल उचलून पायात घातली, आणि पुढ्यात उभ्या असलेल्या एका म्हातारीला हाताला धरून माझ्या जागेवर बसवलं.